राजधानीची जागा कशी ठरते?

श्रोतेहो, देशातले सर्वांत मोठे शहर म्हणजेच राजधानी असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु ऑस्ट्रेलियात सिडनी, ब्राझीलमध्ये साओ पाउलो आणि कॅनडात टोरांटो ही महानगरे असूनही राजधानीचा मान अनुक्रमे कॅनबेरा, ब्राझिलिया आणि ओटावा यांच्याकडे आहे. राज्यसंस्था घडताना कोणाची समजूत काढावी लागली आणि कोणाची धास्ती होती, हे राजधानीच्या जागेवरून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळते, असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९०१ मध्ये सहा वसाहतींचे संघराज्य झाले, तेव्हा सिडनी आणि मेलबर्न यांपैकी एकही शहर माघार घेईना. अखेर राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर असावी आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला भरावी, असे राज्यघटनेतच लिहिले गेले. १९१२ मध्ये आराखड्याची स्पर्धा शिकागोचे वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी जिंकली; त्यांच्या पत्नी मॅरियन माहोनी यांनी रंगवलेल्या चित्रांचा त्यात मोठा वाटा होता आणि तो पुरेशा ठळकपणे सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते. त्या आराखड्यात शहराचा मुख्य अक्ष एन्स्ली डोंगराच्या रोखाने आखलेला होता. संसद तेथे १९२७ मध्ये गेली. आराखड्यातले सरोवर मात्र मोलोंग्लो नदीवर धरण झाल्यावर १९६४ मध्ये भरले.

ओटावाची निवड १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने केली. इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांच्या प्रदेशांच्या सीमेवरचे हे गाव अमेरिकेच्या सरहद्दीपासून अधिक सुरक्षित अंतरावर होते.

ब्राझीलने मध्यवर्ती पठारावरची १४,४०० चौरस किलोमीटर जमीन राजधानीसाठी १८९१ च्या घटनेतच राखून ठेवली होती, कारण किनाऱ्याला चिकटलेली वस्ती अंतर्भागाकडे वळवायची होती. अध्यक्ष कुबिचेक यांच्या कारकिर्दीत लुसिओ कोस्टा यांचा आराखडा आणि ऑस्कर निमायर यांच्या इमारती प्रत्यक्षात आल्या, आणि २१ एप्रिल १९६० रोजी रिओ दि जानेरोहून राजधानी हलली. परंतु ज्या मजुरांनी हे शहर बांधले त्यांच्या घरांना त्या देखण्या आराखड्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी तागुआतिंगा ही उपनगरी उद्घाटनाआधीच, १९५८ मध्ये, वसवावी लागली.

आज हाच प्रश्न इंडोनेशियापुढे आहे. भूजलाच्या बेसुमार उपशामुळे जकार्ताची जमीन खचत आहे, म्हणून बोर्निओ बेटावर नुसांतारा ही राजधानी उभारण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. मंत्रालये तेथे हलवता येतील. मात्र खचणाऱ्या उत्तर जकार्तातले लाखो रहिवासी तेथेच राहणार आहेत, आणि त्यांना नळाचे पाणी पुरवून उपसा थांबवण्याचे काम राजधानी हलली तरी करावेच लागणार आहे.