फेस मळाचा नव्हे, फरशीचा

मोरीतल्या शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड ओतलं की फस्सकन आवाज येतो, पांढरा फेस उठतो. घासणारा खूश! मळ निघतोय ना! मळ थोडाफार निघतोही, पण तो फेस फरशीचा आहे. दरवेळी तिचा एक पापुद्रा गटारात वाहून जातोय.

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. ओट्याचा काळा कडप्पाही त्याच कुळातला. म्हणून तर लिंबू पिळताना सांडलेला रस वेळीच पुसला नाही, तर ओट्यावर फिकट डाग उरतो. या दगडांत मुख्यतः असतं कॅल्शिअम कार्बोनेट.

आता हेच टेबलावर पाहू. परीक्षानळीत फरशीचा चुरा घेतलाय. अख्खा तुकडाही चालला असता, पण चुऱ्याचा जास्त पृष्ठभाग आम्लाला भिडतो. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. बुडबुडे लगेच सुरू. कॅल्शिअम क्लोराइड तयार होऊन पाण्यात विरघळतं, थोडं पाणीही बनतं आणि कार्बन डायऑक्साइड नळीवाटे बाहेर पडतो. शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट 100 ग्रॅम घेतलं, तर त्यातून 44 ग्रॅम वायू निघतो. दगडाचं जवळजवळ निम्मं वजन हवेत!

जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने 1750 च्या दशकात तराजू हाताशी धरून हा वायू ओळखला. घन पदार्थात जखडलेली हवा, असंच नाव त्याने त्याला दिलं.

नळीचं टोक चुन्याच्या निवळीत बुडवलंय. निवळी दुधाळ झाली. बहुतेक प्रयोगवह्या इथेच मिटतात. आपण वायू सोडत राहू. बघा, दूध पुन्हा नितळ! आधी तयार झालेल्या कार्बोनेटचं आता विरघळणारं बायकार्बोनेट झालं.

घरी करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच टाका, फळ्याचा खडू नको. हल्लीचे बरेच खडू जिप्समचे असतात, त्यात कार्बोनेट नसतं, ते ढिम्म राहतात.

भूवैज्ञानिकांच्या पिशवीत विरल आम्लाची छोटी बाटली असते ती यासाठीच. कडप्पा काळा, सह्याद्रीचा कातळही काळा. कडप्प्यावर थेंब फसफसतो. कातळावर, म्हणजे बेसाल्टवर, तो नुसता बसून राहतो. कातळाच्या पोकळीत पांढरे स्फटिक दिसले, की मात्र तिथेही एक थेंब टाकून बघतात. फसफसलं, तर कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूपातलं कॅल्शिअम कार्बोनेट.