रक्तातली धग

ब्रिस्टल, इंग्लंड. नऊ वर्षांचं एक मूल बाही वर करून बसलंय. नर्स दंडाला पट्टा बांधते, नळीत रक्त घेते. मुलाला ना ताप, ना खोकला.

१९९१-९२च्या सुमारास या भागात जन्मलेल्या हजारो मुलांचा हा अभ्यास. नवव्या वर्षीच्या रक्तात संशोधकांनी आयएल-६ हे प्रथिन मोजलं. अंगात कुठे दाह, म्हणजे आतली सूज, असला, की ते वाढतं. मुलं अठराची झाल्यावर त्यांना विचारलं, कुणी नसताना आवाज ऐकू येतात का? कुणी पाळत ठेवतंय असं वाटतं का? स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारात असे अनुभव येतात. २०१४ साली निष्कर्ष आला. लहानपणी ज्यांचं आयएल-६ सर्वांत जास्त होतं, त्या गटात अशा अनुभवांची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. दुप्पट म्हणजे अटळ नव्हे. त्यांतल्याही बहुतेकांना असं काही जाणवलं नाही.

आता मेंदूतली ही पेशी डोळ्यांसमोर आणा, मुळांसारखे हात पसरलेली. ही मायक्रोग्लिया. मेंदूची राखणही तिच्याकडे, झाडलोटही तिच्याकडे. वाढत्या वयात चेतापेशींमधले नको असलेले जोड ती खुडते. शरीरातल्या दाहाचा निरोप तिच्यापर्यंतही पोचतो, आणि ती चवताळू शकते. २०१६ साली बॉस्टनच्या संशोधकांना दिसलं, की सी-४ हे रोगप्रतिकाराचं जनुक ज्यांच्या मेंदूत जास्त काम करतं, त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका अधिक. उंदरांमध्ये हेच सी-४ जोड खुडण्याच्या कामात आढळलं. रुग्णांच्या एमआरआयमध्ये मेंदूचा करडा थर पातळ दिसतो, त्याचा एक धागा इथे असावा.

१९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी या आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं. किती आयांनी ते आयुष्यभर वाहिलं! आपल्याकडच्या शुभंकरांनाही, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही, अजून ऐकावं लागतं: लाडावून ठेवलं, कुणीतरी करणी केली. त्या आईला ही पेशी दाखवावी, असं फार वाटतं.

औषधाचं मात्र अजून जमलेलं नाही. ब्रिटनमध्ये २०७ रुग्णांवर वर्षभर मिनोसायक्लिन या दाह कमी करू शकणाऱ्या प्रतिजैविकाची चाचणी झाली. २०१८मध्ये कळलं, फायदा नाही. पण त्या रुग्णांची निवड रक्तातला दाह पाहून झालेली नव्हती. आता आधी रक्त तपासून, मगच औषध, असे प्रयत्न चाललेत. तोवर हळदीच्या किंवा काढ्याच्या भरवशावर चालू गोळी थांबवू नका, हे कळकळीने सांगतो.

ब्रिस्टलची ती मुलं आज तिशीत आहेत. त्यांचा अभ्यास अजून सुरू आहे.