सडा रिकामा नसतो

मंडळी, समुद्राजवळची, कुणाचा हात न लागलेली तीस-चाळीस एकर सलग जमीन घ्यावी का, हे विचारायला तुमच्यापैकी बरेच जण आले आहेत. घ्यायला हरकत नाही. पण नागपूरकराच्या डोळ्यांनी कोकणची जमीन पाहू नका.

आपल्याकडे वावर एकरांत मोजतात आणि सातबाऱ्यावर दोन-चार नावं असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात व्यवहार गुंठ्यांत चालतो आणि एकेका सातबाऱ्यावर तीस-तीस नावं निघतात. काही मुंबईला, काही वारलेले, वारसनोंद झालेलीच नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्यामुळे भावांनी सह्या केल्या आणि बहिणी राहिल्या, तर व्यवहार कोर्टात जातो. वाटप न झालेला हिस्सा घेतलात, तर नेमका कोणता तुकडा तुमचा हेच ठरलेलं नसतं. दलाल ‘एकगठ्ठा’ म्हणतो तेव्हा तो गठ्ठा किती घरांचा आहे, हे आधी विचारा.

विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा, तिकडे १९४८ चा. शेतकरी असल्याचा पुरावा दोन्हीकडे लागतो. तुमच्या काटोल-नरखेडच्या वावराचा सातबारा तिथे चालतो. मात्र कमाल धारणेत, म्हणजे एकाला जास्तीत जास्त किती जमीन ठेवता येते त्या हिशेबात, इथलं वावरही धरतात, आणि जिरायतीची मर्यादा ५४ एकर आहे. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना अक्षर न् अक्षर वाचा. तिथे कुळाचं नाव असेल किंवा खाजगी वनाचा शेरा असेल, तर थांबा. १९७५ च्या कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली, आणि तशी जमीन विकणाऱ्याची नसतेच. भरतीरेषेजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, लागू होतो. तिथे बंगल्याचं स्वप्न बघण्याआधी नकाशा बघा.

आता मला खरं बोलायचंय ते सड्याबद्दल, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठाराबद्दल. स्वस्तात मिळणारी मोठी जमीन बहुतेक वेळा जांभ्याचा कातळ असते. एप्रिलमध्ये ती उजाड दिसते, कागदावर ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला न येणारी, असते, आणि माणूस म्हणतो, जेसीबी लावू, सपाट करू. तोच सडा पावसाळ्यात फुलांनी भरून जातो. पाऊस कातळाच्या भेगांतून खाली मुरतो आणि उतारावरच्या वाडीच्या विहिरींना, झऱ्यांना मिळतो. वर कातळ फोडलात की खालचं पाणी हलतं. रत्नागिरीच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी माणसाने कोरलेली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली कित्येक खाजगी जमिनीत आहेत. एका दिवसाच्या यंत्रकामात ती कायमची जातील, हे मला सहन होत नाही.

त्या सड्यावर गुरं चरतात. त्यावरून पोरं शाळेत जातात, बायका लाकूडफाट्याला जातात. सातबाऱ्यावर यातलं काही नसतं, पण वहिवाट असते. तुम्ही काटेरी तार ओढलीत की पहिल्याच दिवशी भांडण सुरू होतं, आणि त्या भांडणात मी गावाच्या बाजूने आहे.

म्हणून विसार देण्याआधी मे महिन्यात जा. विहिरीचा तळ दिसतो का बघा, खालच्या वाडीत बसा, वाट कुठून जाते ते विचारा. मोजणी भूमी अभिलेखकडून, लगतच्या खातेदारांसमोर करून घ्या. आणि खरेदीखतात ती पायवाट मोकळी राहील, असं वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या.