पाळी गेल्यानंतरची खाज

नमस्कार श्रोतेहो. आज मी खास करून पंचेचाळिशी ओलांडलेल्या अक्का, मावशी आणि मैत्रिणींशी बोलणार आहे. पण घरातल्या पुरुषमंडळींनी आणि लेकी-सुनांनीही रेडिओ बंद करू नये, कारण विषय घरातल्याच बाईचा आहे.

विषय आहे खाज. पाळी मागेपुढे व्हायला लागली किंवा बंद झाली, की कित्येक जणींच्या नडग्या, दंड, कंबर आणि पाठ कोरडी पडायला लागते. नखानं ओढलं की पांढरी रेघ उमटते. दिवसभर कामात भान नसतं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुरू. कुणाला अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, आणि दिवा लावून बघावं तर काहीच नसतं. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, म्हणून घरात कुणी ते मनावर घेत नाही. मग बाई स्वतःच ठरवते की आपलं अंग नीट निघत नसेल. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत, साबण दोन वेळा आणि घासणी अंग लाल होईस्तोवर!

माझ्या बहिणींनो, ही खाज मळाची नाही. घासल्यानं ती वाढते. आज तुम्ही बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

असं का होतं ते सांगते. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास पाळी जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, पण शरीरातले बदल त्याआधी काही वर्षं सुरू झालेले असतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी होत जातं. पाळीशी त्याचा संबंध सगळ्यांना माहीत आहे, पण कातडीला ओल आणि जाडी देण्याचं कामही तेच करत असतं. ते कमी झालं की कातडीतलं नैसर्गिक तेल कमी होतं, आणि वरच्या थरात पाणी धरून ठेवणारे स्निग्ध पदार्थही घटतात. कातडीला भक्कमपणा देणारं कोलॅजेन पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांतच जवळजवळ ३० टक्के कमी होतं. कातडी पातळ होते, आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ, घाम आत टोचायला लागतो, आणि खाजेच्या नसा चटकन जाग्या होतात.

त्यात आपलं सोलापूर. पाऊस बेताचा, हवा कोरडी, एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या थंडीतही कातडी तडतडते. शिवाय अनेक घरांत आंघोळीला बोअरचं पाणी. त्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण साबण जास्त घासतो, आणि तो अंगावरून पुरता निघतही नाही. तोच कातडीला त्रास देत राहतो. नळाला पाणी येईल त्या दिवशी थोडं गोडं पाणी आंघोळीसाठी बाजूला ठेवता आलं, तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या.

आता आंघोळीचंच नीट बघू. बंबातलं पाणी कोमट होईल इतकं गार करून घ्या. कढत पाण्यानं खाज थोडा वेळ थांबते, ते सुख वाटतं, पण अंगावरचं उरलंसुरलं तेल त्याच पाण्याबरोबर वाहून जातं आणि नंतर खाज आणखी वाढते. आंघोळ ५ ते १० मिनिटांत आटपा. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलं यांनाच लावा. हात, पाठ, पोट, नडग्या यांना नुसतं पाणी पुरतं. बाकीच्या अंगाला रोज साबण लागतो ही समजूत आपल्या मनातून काढायला फार वेळ लागतो, पण प्रयत्न करा. साबण बिनवासाचा आणि सौम्य घ्या. घासणी बाजूला ठेवा आणि वजरी फक्त टाचांपुरती. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक औषध टाकण्याची सवय असेल तर तीही सोडा. लिंबू चोळणं, बेसनाचं उटणं, हळद हे सगळं तरुण तेलकट कातडीला कदाचित चालत असेल, या वयात नको.

आंघोळ झाली की आपल्याच गावचा मऊ टेरी टॉवेल घ्या आणि अंग रगडू नका, नुसतं टिपा. थोडी ओल अंगावर राहू द्या. आणि त्या ओलसर अंगावरच, साधारण ३ मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावा. हीच वेळ महत्त्वाची, कारण अंगावर असलेलं पाणी त्यानं आत कोंडलं जातं. अंग सुकल्यावर लावलेल्या तेलाचा तेवढा फायदा होत नाही. महागड्या बाटलीची गरज नाही. साधं खोबरेल चालतं, पेट्रोलियम जेली चालते, ग्लिसरीन असलेलं बिनवासाचं क्रीम चालतं. नडग्या आणि टाचा फारच फुटल्या असतील तर १० टक्के युरिया असलेलं क्रीम फार चांगलं काम करतं, फक्त चिरा पडलेल्या जागी ते झोंबतं, तिथं आधी जेली लावून चिरा भरू द्या. मोहरीचं तेल मात्र टाळा, त्यानं कातडी चुरचुरते. आणि तळपायाला तेल लावून फरशीवर चालू नका. या वयात हाडंही ठिसूळ होत असतात, घसरून पडणं परवडत नाही. रात्री पायाला लावा, वर सुती मोजे घाला आणि झोपा.

विडी वळणाऱ्या बहिणींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. दिवसभर मांडीवर सूप, ओली पानं आणि तंबाखूची धूळ. ती धूळ हातांवर, मानेवर बसते आणि कोरड्या कातडीला फार त्रास देते. काम संपलं की आधी हात कोपरापर्यंत साध्या पाण्यानं धुवा, पदरानं मान पुसू नका, आणि मगच खोबरेल लावा. कामाचं लुगडं अंगावर ठेवून झोपू नका.

अंगातून एकदम वाफा येतात, घाम फुटतो, तेव्हा पुन्हा साबणानं आंघोळ करण्यापेक्षा ओल्या फडक्यानं घाम टिपा. अंगाला लागून सुतीच कपडा असू द्या. नखं कापलेली ठेवा. रात्री खाज सुटली तर खाजवण्यापेक्षा गार पाण्यात पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं दाबून धरा. पाणी प्या, जेवणात तीळ, शेंगदाणे, करडईचं तेल असू द्या, पण केवळ खाण्यानं खाज जाईल अशी आशा ठेवू नका.

एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणायचं, आणि मिळेल ती महिनोन्‌महिने चोळायची. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून आपण शेजारणीलाही देतो. पण स्टिरॉइडनं कातडी पातळ होते, आणि आपली तर आधीच पातळ झालेली आहे. नायटा असेल तर तो दबतो आणि नंतर अंगभर पसरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही ट्यूब आणू नका.

आणि आता जे बोलायला जीभ अडखळते ते. खाज अंगाला असते तशी लघवीच्या जागीही असते. इस्ट्रोजेन कमी झाल्यानं तिथली कातडी कोरडी, नाजूक होते, आग होते, संबंध दुखतात, लघवीला जळजळ होते. यावर उपाय आहेत. तिथं लावायची औषधं स्त्रीरोगतज्ज्ञ देतात आणि ती उपयोगी पडतात. तिथं साबण लावू नका, नुसतं पाणी पुरे. त्या जागी पांढरट चट्टे दिसले, तर लाज बाजूला ठेवून लगेच दाखवा, कारण त्या आजाराला वेळेवर उपचार लागतात. साखरेमुळे होणारी बुरशी हेही तिथल्या खाजेचं एक कारण असतं. आणि पाळी पूर्ण गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी चुकवायची नाही.

सगळीच खाज पाळीमुळे नसते हेही तितकंच खरं. खाज ६ आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, वजन उतरायला लागलं, डोळे पिवळे दिसले, फार थकवा आला, तर मधुमेह, थायरॉइड, रक्तातलं लोह, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करायला हव्यात. घरातल्या इतरांनाही रात्री खाजत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध सगळ्या घरानं एकाच वेळी घ्यायचं असतं.

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्वचारोग आणि स्त्रीरोग हे दोन्ही विभाग आहेत. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. शेवटची पाळी कधी आली ते आधी सांगा, खाज कुठं आणि केव्हा वाढते ते सांगा, आणि लघवीच्या जागेचं काही असेल तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच सांगा. नमस्कार.