अंगात आलं नाही, औषध चढलं आहे

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या समाजमंदिरात आशाताई आणि गावकऱ्यांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

कापसाचा वेचा सुरू असताना दुपारची मजुरी बुडवून तुम्ही आलात, म्हणून सरळ कामाचंच बोलते. नैराश्यावर, म्हणजे मनाच्या खोल उदासीच्या आजारावर, आम्ही सलाईनमधून एक जुनं भुलीचं औषध देतो, त्याबद्दल.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनसाठी माणसाला झोपवायचं आणि सुखरूप जागं करायचं, हे माझं काम. इथे बसलेल्यांपैकी ज्या बायांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन जुन्या काळी शिबिरात झालं, त्यांना आठवत असेल. उठताना कुणी बडबडत होती, कुणी उगाच रडत होती, कुणाला छप्पर खाली येताना दिसत होतं. त्यातल्या बऱ्याच जणींना जे इंजेक्शन दिलं होतं त्याचं नाव केटामाइन. १९६२ साली अमेरिकेत ते तयार झालं आणि १९७० मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. या औषधानं श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, मोठी मशीन लागत नाही. म्हणून जिथे वीज जाते, जिथे दुसरा डॉक्टर नसतो, अशा ठिकाणी यानं लाखो जीव तारले. मी स्वतः यावरच शिकले.

मग नैराश्याशी याचा काय संबंध? २००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नैराश्याच्या मोजक्या रुग्णांना अगदी कमी मात्रेत हे देऊन पाहिलं. नेहमीच्या गोळ्यांना लागू पडायला आठवडे लागतात. इथे काही तासांत, एक-दोन दिवसांत फरक दिसला. पुढे मोठे अभ्यास झाले आणि २०१९ मध्ये याच औषधाचा जुळा भाऊ, एसकेटामाइन, नाकातल्या फवाऱ्याच्या रूपात अमेरिकेत मान्य झाला. आमच्याकडे आम्ही जुनंच इंजेक्शन सलाईनमधून देतो. ऑपरेशनसाठी वजनाच्या दर किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम एका दमात जातं. नैराश्यात अर्धा मिलिग्रॅम, तेही चाळीस मिनिटांत थेंब थेंब. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सगळं मिळून तीस मिलिग्रॅम. माणूस झोपत नाही, जागा असतो. सगळा त्रास आणि सगळी भीती या जागेपणातच आहे.

हा पहिला उपाय नाही, हे आधी लक्षात घ्या. दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही माणूस उठत नसेल, जीव द्यायचे विचार सुटत नसतील, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ याचा विचार करतात. सगळ्यांना लागूही पडत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. पाच एकरवाला शेतकरी, चाळिशीतला. बोलणं बंद, जेवण बंद, पहाटे तीनला उठून ओसरीवर बसायचा. सलाईन लावली. काय होईल ते मी त्याला एका वाक्यात सांगितलं होतं, "थोडं गरगरेल". पंधराव्या मिनिटाला त्यानं मान झुलवायला सुरुवात केली, डोळे वर गेले, आणि तो ओरडला, "मॅडम, मी मेलो! माहे हातपाय माहे नोयते!" दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर त्याची बायको होती. तिनं आवाज ऐकला, झुलणारी मान पाहिली आणि तिला जे माहीत होतं तेच तिला दिसलं. नवऱ्याच्या अंगात आलं. तासाभरात तो पूर्ण शुद्धीवर होता, पाणी प्यायला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोपला, हे मला नंतर कळलं. पण दुसऱ्या दिवशी घरचे त्याला जिथे अंगात आलेल्यांना नेतात तिथे घेऊन गेले. दवाखान्यात तो दोन महिन्यांनी आला, पहिल्यापेक्षा वाळलेला. त्या माउलीची काहीच चूक नव्हती. तिला मी बाकावर बसवून ठेवलं होतं, काहीही न सांगता.

तेव्हापासून मी आदल्या दिवशीच दोघांना समोर बसवते आणि सांगते. तुमचं अंग तुम्हाला लांबचं वाटेल. आवाज विहिरीतून आल्यासारखा येईल. भिंतीवरचं घड्याळ थांबलंय असं वाटेल. कुणाला आपण वरून खाली पाहतोय असं वाटतं, कुणाला मेलेली माणसं आठवतात, रडू येतं. हे औषधानं होतं. सलाईन सुरू झाल्यावर काही मिनिटांत सुरू होतं, सलाईन संपायच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि पुढच्या तास-दीड तासात उतरतं. तुम्ही वेडे होत नाही, मरत नाही, आणि कुणी तुमच्यात शिरत नाही. आणि मुख्य गोष्ट, थांब म्हटलं की मी थांबवते. नळीवरचं चाक फिरवलं की थेंब कमी होतात. बहुतेक वेळा तेवढ्यानंच निभतं. क्वचित शांत करणारं दुसरं औषध थोडंसं द्यावं लागतं.

बायको आता बाकावर नसते, खुर्चीजवळ असते. खिडकीचा पडदा ओढलेला, मोबाइल बंद, डोळ्यांवर हलका रुमाल. कुणी प्रश्न विचारायचे नाहीत, "कसं वाटते, कसं वाटते" करायचं नाही. हात धरायचा, फार तर नाव घेऊन म्हणायचं, "मी इथंच आहो." एका आजोबांना त्यांच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग लावून दिलं होतं. संपल्यावर म्हणाले, "बाई, पुराच्या पाण्यावर पडून गेल्यावानी वाटलं, पण काठावर आपले लोक दिसत होते." औषध तेच, मात्रा तीच. त्या शेतकऱ्याला आणि आजोबांना दिलेल्यात एका थेंबाचाही फरक नव्हता.

अंगात येण्यावर मी इथे टीका करायला आले नाही. मला एवढंच सांगायचं आहे की हे वेगळं आहे आणि ओळखता येतं. याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, दोन्ही घड्याळावर दिसतात. दुसऱ्या दिवशीही माणसाला आवाज ऐकू येत असतील, कुणीतरी मागावर आहे असं वाटत असेल, तर मात्र ते औषधाचं नेहमीचं चढणं नव्हे. लगेच डॉक्टरांना कळवा. म्हणूनच आम्ही आधी खोदून विचारतो की याआधी कधी भास झाले होते का, घराण्यात कुणाला होते का. ते लपवू नका. लग्न मोडेल म्हणून लपवतात, मला माहीत आहे, पण या एका ठिकाणी लपवू नका.

रक्तदाबाचं थोडक्यात. सलाईन चालू असताना वरचा आकडा साधारण दहा ते वीसनं वाढतो, कधी जास्तही, आणि दोन तासांत खाली येतो. म्हणून दंडाला पट्टा बांधलेला असतो. आधीच १४०/९० च्या वर असेल तर आम्ही थांबून विचार करतो. मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल, रक्तवाहिनीला फुगा असेल, तर देतच नाही. बीपीची गोळी उपाशीपोटी कशी घेऊ म्हणून लोक चुकवतात. घोटभर पाण्याबरोबर ती पहाटेच घ्यायची, आमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

मळमळ होते, उलटीही होते. आमच्याकडे सहा तास आधीपासून जेवण नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मळमळीचं औषध सलाईनमधूनच देता येतं. पण खर्रा, तो घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा! या औषधानं तोंडाला पाणी सुटतं, घशात लाळ साचते, आणि त्यात गालात खर्रा. माणूस अर्धवट तंद्रीत, सुपारीचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर काय होईल? एका मुलाच्या गालातून मी स्वतः बोटानं खर्रा काढला आहे. तो म्हणाला, "मॅडम, थोडासाच होता." आशाताईंनो, निघतानाच तोंड पाहा, आणि ते फाटकाबाहेर स्वच्छ धुऊन मग आत आणा. आदल्या दिवशीपासून दारूही नाही, मोहाची असो की दुकानातली. आणि झोपेची गोळी चालू असेल तर सांगा, कारण काही गोळ्यांनी या औषधाचा गुण कमी होऊ शकतो. पण ती मनानं एकदम बंदही करू नका.

आता ज्यासाठी मी मुद्दाम या गावात आले ते सांगते. लघवी.

२००७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी नऊ जणांची हकिकत लिहिली. हे लोक नशेसाठी रोज केटामाइन घेत होते. त्यांच्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला जखमा झाल्या होत्या, सारखं लघवीला जावं लागायचं, जळजळ, रक्त. त्यांची मात्रा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आणि रोजची. आठवड्यातून एक-दोनदा, देखरेखीखाली घेणाऱ्याला तसं होण्याची शक्यता फार कमी. पण ज्यांना महिनोन्‌महिने उपचार द्यावे लागतात त्यांच्याकडे लक्ष ठेवावंच लागतं. आणि आपल्याकडे एक शब्द आहे, तो आडवा येतो. उन्हाळी. लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. धण्याचं पाणी पितो, सब्जा भिजवतो आणि कुणाला सांगत नाही. आपल्या बाया तर सकाळी वावरात जातात, आडोसा नसतो म्हणून पाणीच पीत नाहीत, संध्याकाळी परततात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत त्यांना जळजळ होणार नाही तर काय होईल? त्यामुळे औषधाची जळजळ आणि उन्हाची जळजळ वेगळी काढणं अवघड जातं. म्हणून मी विनंती करते, केटामाइन चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत उन्हाळी हा शब्द वापरूच नका. किती वेळा जावं लागतं, रात्री किती वेळा उठतो, पोटाखाली दुखतं का, लाल दिसली का, एवढं विचारा आणि आम्हाला सांगा. लवकर कळलं तर औषध थांबवता येतं, आणि थांबवल्यावर बऱ्याच जणांचं मूत्राशय सावरतं. सरपंचांनी वावराच्या रस्त्यावर बायांसाठी आडोशाची सोय केली तर माझं अर्धं काम होईल, हेही बोलून घेते.

सवय लागते का? लागू शकते. म्हणूनच हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत आहे, त्याच्या चिठ्ठीचा हिशेब ठेवावा लागतो. घरी न्यायला मागू नका, आणि कुणी स्वस्तात घरी येऊन टोचून देतो म्हणाला तर त्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.

आणि एक दुष्परिणाम असा आहे की तो चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. एका सलाईनचा गुण साधारण आठवडाभरात ओसरतो. दुसऱ्या दिवशी माणूस हसतो, चहा मागतो, घरचे देवाला नारळ फोडतात. पाचव्या-सहाव्या दिवशी तो पुन्हा ओसरीवर बसतो. त्याला वाटतं, आता हेही संपलं. मला या दिवसांची फार काळजी वाटते. सलाईन एकच नसते, आठवड्यातून दोनदा अशी काही आठवडे द्यावी लागते आणि गोळ्या चालूच ठेवायच्या असतात, हे आधी माहीत असेल तर ओसरणं म्हणजे हरणं वाटत नाही. त्या आठवड्यात फवारणीची औषधं घरात नकोत. कुलपात नकोत, घरातच नकोत. भावाकडे ठेवा, शेजाऱ्याकडे ठेवा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतून.

(यानंतर प्रश्न झाले. मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "सलाईनच्या दिवशी गाडी चालवू नाही म्हणता, समजलं. पण बैलगाडी हाकली तर चालते का जी?")

नाही आजी. मोटारसायकल नाही, बैलगाडी नाही, कडबाकुट्टीजवळ नाही, विहिरीच्या काठाशी नाही. सलाईननंतर दोन तास आमच्याजवळ, मग कुणाच्या तरी सोबतीनं यष्टीनं घरी, आणि रात्रभर झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत काही नाही. आपल्याकडे शेताची लाईन रात्री येते. पाय अजून लटपटत असताना तो टॉर्च घेऊन मोटर चालू करायला निघेल, सवयीनं. त्या रात्रीची मोटर कोण चालू करणार, ते दवाखान्यात निघायच्या आधीच शेजाऱ्याशी ठरवून या.