करारात न लिहिलेली अट

(दृश्य: ओहोटीच्या वेळची थेम्स, जेटीला लागलेल्या बोटी)

लंडनमध्ये थेम्सचं पाणी ओहोटीला इतकं उतरतं की जेटीला लागलेली बोट थेट तळावर टेकते. १८८७ मध्ये 'मूरकॉक' या आगबोटीच्या मालकांनी माल उतरवण्यासाठी अशाच एका जेटीच्या मालकांशी करार केला. बोट तळाला टेकणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती टेकली नेमकी एका कठीण उंचवट्यावर आणि तिचं नुकसान झालं.

जेटीमालकांचं म्हणणं होतं: नदीचा तळ आमच्या ताब्यात नाही, आणि तो सुरक्षित असल्याची हमी आम्ही कुठेही दिलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही १८८९ मध्ये अपील न्यायालयात ते हरले. न्यायालयाने करारात जी अट गर्भित, म्हणजे न लिहिताही आहेच असं मानली, ती फार मोजकी होती. तळ सुरक्षित असेलच, असं न्यायालय म्हणालं नाही. तळ कसा आहे हे पाहण्याची वाजवी काळजी जेटीमालकांनी घ्यायला हवी होती, एवढंच म्हणालं. बोट टेकल्याशिवाय हा व्यवहार पुरा होणारच नव्हता.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नाभा पॉवर या वीज कंपनीच्या प्रकरणात अशी गर्भित अट मानण्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या. अट वाजवी हवी. तिच्यावाचून करार व्यवहारात चालूच नये. ती सांगायचीही गरज नाही इतकी उघड असावी, स्पष्ट शब्दांत मांडता यावी, आणि लेखी कलमाला छेद देणारी नसावी. पाचही एकदम लागतात. 'ही अट असती तर बरं झालं असतं' एवढ्यावर काहीच मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर सही केलेल्या कागदाला किंमत उरणार नाही.

मालाच्या खरेदीत मात्र काही अटी कायदाच घालतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ पाहा. विहिरीची खोली सांगून, दुकानदाराच्या माहितीवर विसंबून पंप घेतला, तर तो त्या कामाला वाजवीपणे योग्य असला पाहिजे, ही अट गर्भित असते. पण नुसतं 'अमुक कंपनीचं अमुक मॉडेल द्या' म्हटलं, तर त्या विशिष्ट कामासाठीची ही अट सहसा हातची जाते. म्हणून कोटेशनवरच लिहून घ्या: कशासाठी, किती फुटांसाठी. आणि सहीआधी बारीक अक्षरं वाचा, कारण कलम ६२ नुसार स्पष्ट कराराने गर्भित अटी वगळता येतात.