अंगावर काढायचं नाही

माझी आई पौषातल्या थंडीत रात्री दोन-अडीचला उठून मागच्या दारी ओट्यावर जाऊन बसायची. पदराचं टोक भिजवून मानेवर धरायची. मी तेव्हा दहावीला होते, अभ्यासाला जागी असायचे. "काय होतंय गं?" विचारलं की म्हणायची, "काही नाही, अंगाची आग होतेय. तू वाच." आजी म्हणायची, पित्त आहे. शेजारच्या काकू म्हणायच्या, मुलीच्या लग्नाची काळजी लागलीय. आवळासरबत झालं, धन्याचं पाणी झालं, एका गुरुवारचा उपासही झाला. पाच-सहा वर्षं ती तशी ओट्यावर बसत राहिली. पुढे मी स्त्रीरोगशास्त्र शिकायला लागले आणि रजोनिवृत्तीवरच्या, म्हणजे पाळी जाण्यावरच्या, एका तासाला बसले असताना तो ओटा डोळ्यांसमोर आला. तिला काय होत होतं ते मला तेव्हा कळलं, आणि वर्गात माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आज तुमच्या मंडळाने हा विषय ठेवला याचा मला फार आनंद आहे. बाळंतपणाबद्दल आपण एकमेकींना किती सांगतो! डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, कुणाला किती वेळ कळा आल्या, सगळं. पाळी जाण्याबद्दल मात्र आई लेकीला सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही. म्हणून प्रत्येकीला वाटतं, हे माझ्या एकटीलाच होतंय.

माझ्याकडे येणाऱ्या बायका हॉट फ्लश म्हणत नाहीत. "अंगातून वाफा निघतात", "कानशिलं तापतात", "आत भट्टी पेटल्यासारखं होतं" असं सांगतात. आणि तेही लगेच नाही. गुडघे दुखतात म्हणून येतात, बीपी तपासून घेतात, चप्पल पायात घालताना दारातून मागे वळून म्हणतात, "आणखी एक विचारायचं होतं बाई." गेल्या महिन्यात एक ताई माझ्यासमोर बसल्या असतानाच त्यांना झळ आली. बोलता बोलता थांबल्या. छातीवरून लाली वर चढत गळ्यापर्यंत, मग गालांवर आली. वरच्या ओठावर घामाचे थेंब फुटले, केसांच्या मुळांतून धार लागली. त्यांनी फाईलनेच वारा घ्यायला सुरुवात केली. तीन-चार मिनिटांत सगळं ओसरलं आणि ओल्या ब्लाउजमध्ये त्या कुडकुडायला लागल्या. मला म्हणाल्या, "घरात हे म्हणतात, तुझं काहीतरीच असतं."

काहीतरीच नसतं. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याच्या कामांपैकी एक. इस्त्रीत जसा थर्मोस्टॅट असतो, ठरावीक तापली की बंद आणि गार झाली की चालू, तसंच. एरवी अंगाची उष्णता थोडी वरखाली झाली तरी हा भाग तिकडे लक्ष देत नाही, चालवून घेतो. पण अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी फार उत्तेजित होतात, आणि चालवून घेण्याची ती जागा अगदी अरुंद होते. मग गॅसजवळ दोन भाकऱ्या थापल्या, गरम चहा घेतला, गोधडी अंगावर ओढली, एवढ्यानेही मेंदूला वाटतं की अंग फार तापलं. तो लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, म्हणून लाली. घाम सोडतो, म्हणून धारा. उष्णता गरजेपेक्षा जास्त निघून जाते, म्हणून मागून हुडहुडी. छातीत धडधडतंही. यात पित्ताचा संबंध नाही आणि मनाच्या कमकुवतपणाचा तर नाहीच नाही. त्या चेतापेशींवरच काम करणारं, हार्मोन नसलेलं एक औषध, फेझोलिनेटंट, अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. दुखण्याची जागा इतकी नेमकी सापडलेली आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही की आपण पाळी गेली असं म्हणतो. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. झळा मात्र त्याच्या आधीच, पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हापासून सुरू होऊ शकतात. किती दिवस चालतात? अमेरिकेत अनेक वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना वारंवार झळा येत होत्या अशांपैकी निम्म्या बायकांना ७.४ वर्षांहून अधिक काळ त्रास झाला. "सहा महिन्यांत जाईल, काढ कळ" असं कुणाला सांगण्याआधी हा आकडा आठवा. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका, तपासण्या लागतात. आणि पाळी थांबल्यासारखी वाटली तरी काही काळ दिवस राहू शकतात, हेही ध्यानात असू द्या. ४७ वर्षांच्या एक बाई, आता पाळी गेलीच म्हणून निर्धास्त होत्या. पोट दिसायला लागलं तेव्हा माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं असतं.

प्रत्येक घाम पाळीचाच असतो असंही नाही. थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली तरी असंच होतं. रात्री घामाबरोबर ताप असेल, खोकला असेल, वजन उतरत असेल, तर आपल्याकडे क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरली की दरदरून घाम येतो.

आता काय करायचं? आधी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात खूण करा. झळ आली की एक रेघ. रात्री झोपमोड झाली की गोल. त्याआधी काय खाल्लं-प्यायलं ते एका शब्दात. तीन आठवड्यांत तुमचं तुम्हालाच दिसेल की ठेच्याने होतं, उकळत्या चहाने होतं, की भांडणानंतर होतं. सुती गाऊन, सुती चादर, एका जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणं, उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या. वजन जास्त असेल तर ते उतरल्याने झळा कमी होतात. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षं लवकर जाते आणि त्यांना झळाही जास्त येतात. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात. मिश्रीही तंबाखूच आहे. चारदा लावत असाल तर एकदावर आणा, मग सोडा, पण सोडा.

योगासनांनी झोप सुधारते, मन शांत राहतं, जरूर करा. झळांची संख्या त्याने फारशी कमी होते असं मात्र मी सांगणार नाही. सोयाबीनचा काहींना थोडा उपयोग होतो. शतावरीला मी मनाई करत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवून बसावं इतका पुरावा नाही. आणि लेबल नसलेल्या पुड्या कुणाकडूनही घेऊ नका.

ज्यांना रात्रीतून पाच-पाच वेळा उठावं लागतं त्यांना एवढ्याने पुरत नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात गुणकारी उपचार हार्मोनचा आहे, आणि त्याचं नाव काढलं की समोरची बाई खुर्ची मागे सरकवते. "कॅन्सर होतो म्हणे." ही भीती कुठून आली ते सांगते. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर दोन हार्मोन एकत्र देण्याची एक मोठी चाचणी चालू होती. जुलै २००२ मध्ये ती मध्येच थांबवली आणि जगभर बातमी झाली की हार्मोनने स्तनाचा कर्करोग वाढतो. लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. वाढ किती होती? दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जास्त. शून्य नाही, हे खरं. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे झळा येण्याचं वय उलटून गेलेल्या बायका त्यात पुष्कळ होत्या. जोडीच्या दुसऱ्या चाचणीत ज्यांची गर्भाची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. पुढे वयानुसार आकडे पुन्हा तपासले तेव्हा स्पष्ट झालं की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर तोट्यापेक्षा फायदा मोठा आहे. ही दुसरी बातमी आपल्या गावापर्यंत पोचलीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हार्मोन सगळ्यांसाठी नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, हार्टॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा अंगावरून कशामुळे जातंय ते कळलेलं नसेल, तर द्यायचं नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन द्यावंच लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जातं. गोळीपेक्षा कातडीवर लावायच्या जेलने रक्ताच्या गुठळीचा धोका कमी राहतो. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. ज्यांना हार्मोन चालत नाही त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशा दुसऱ्या गोळ्या आहेत. त्या मुळात नैराश्याच्या, फिटच्या, पण कमी मात्रेत झळांवर चालतात. कागदावर मानसिक आजाराची गोळी वाचून घाबरू नका. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण झळांवर दिली जाणारी पॅरॉक्सेटिन नावाची गोळी त्याचा परिणाम कमी करते.

आता एका गोष्टीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." हे वाक्य आपल्या भागात किती सहज बोललं जातं! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. उघड्यावर राहायचं, संडास नाही, पाणी नाही. त्यात पांढरं जायला लागलं की कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं, आणि तिशीतली पोरगी कर्ज काढून पिशवी काढून येते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर जे बदल एरवी चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचे ते एका रात्रीत होतात. झळा, निद्रानाश, सांधे धरणं, सगळं एकदम. अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम थोडं लवकर थांबतं. अशी बाई माझ्याकडे येते तेव्हा मी विचारते, "अंडाशय ठेवलेत की काढलेत?" बहुतेकींना ठाऊकच नसतं. तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधून बघा. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले असतील, तर मनाई करणारं काही कारण नसल्यास निदान नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावं असाच सल्ला असतो, हाडांसाठी आणि हृदयासाठी.

हाडांचंही इथेच सांगते, कारण पुन्हा आईकडे यायचं आहे. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात भराभर विरळ होतात, आणि दुखत नाही, म्हणून कळत नाही. आई ६८ व्या वर्षी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ओट्यावर बसायची त्या वर्षांतच तिची हाडं झिजत होती, हे मला आता दिसतं. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही, कोवळं ऊन, रोज चालणं हे सगळं हवंच. त्याबरोबर आठवड्यातून दोनदा थोडं वजनही उचला. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या चालतात.

खाली कोरडं पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, शिंकलं की लघवी गळणं, वरचेवर जळजळ होणं, हे कुणी हात वर करून विचारणार नाही. झळा पुढे ओसरतात, हे मात्र आपोआप जात नाही, वाढतं. त्यावर आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. अगदी थोड्या मात्रेचं, रक्तात फारच कमी उतरतं आणि गुण चांगला येतो. नवऱ्याला नाही म्हणायचं कारण सांगता येत नाही म्हणून घरात अबोला धरलेली जोडपी मी पाहिली आहेत. कारण त्यांना सांगा. सांगणं जड वाटत असेल तर त्यांना घेऊन या, मी सांगते.

तुम्ही डब्यात टाकलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरं बोलण्यात आली. एक राहिली आहे, तेवढी वाचते. "पाळी जाऊन तीन वर्षे झाली. परवा थोडा डाग दिसला. सासूबाई म्हणाल्या, नशीबवान आहेस, पाळी परत आली. ते खरे आहे का?"

नाही ताई, खरं नाही. एकदा वर्ष उलटल्यावर आलेला डाग ही पाळी नसते, थेंबभर असला तरी. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, कोरडेपणा किंवा पिशवीतला एखादा साधा कोंब (पॉलिप). पण काही जणींमध्ये ते पिशवीच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असतं, आणि त्या वेळी आलं तर तो बहुतेक वेळा बरा होतो. सोनोग्राफी करायची, लागली तर अस्तराचा तुकडा तपासायचा. नाव सांगायची गरज नाही, इथे उभं राहायचीही गरज नाही. उपजिल्हा रुग्णालयात जा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर माझ्याकडे या. उद्या मी सकाळी नऊपासून दवाखान्यात आहे. केसपेपर काढताना "चिठ्ठी" एवढंच सांगा, नंबर लावावा लागणार नाही.